आधी लाल

पुन्ता अरेनासच्या चढावर, पत्र्याच्या घरात
एदुविहिस ओयार्सून, वय एकोणसाठ,
भाच्याचा जुना लॅपटॉप ओट्यावर मांडते.
एक कळ निखळलेली, नेमकी एन्येची.
सगळं पुसून नवी सिस्टिम चढवायला दोन रात्री गेल्या;
पहिल्या रात्री वीज गेली, अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर.
तिने मेणबत्तीपाशी बसून मोजे रफू केले
आणि सकाळी पुन्हा शून्यापासून.

एकवीस वर्षं फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत
ती वाऱ्याचा आवाज ऐकून "आज नाही" म्हणायची.
आता मशीन आहे.
गेल्या मंगळवारी वादळात त्याने बासष्ट तिकिटं विकली.

भाचा लिसांद्रो फोनवर म्हणाला,
"मावशी, काय व्हायला हवं ते आधी लिही. कसं, ते नंतर."
तिला उलगडून सांगावं लागलं नाही.
एका बोटाने लिहिलं:
वारा पंचेचाळीस नॉट, बोट सुटू नये.
एन्टर.

लाल.

"बिघडलं रे!"
"नाही. लालच यायला हवं. बोट कुठे बांधलीयेस अजून?"

मग चार ओळी. लाल.
एक कंस उघडाच राहिलेला. लाल.
किटली शिट्टी मारून दमली.
आणि मग हिरवं,
एवढंसं, जत्रेतल्या बांगडीच्या काचेएवढं.

ती टाळी वाजवत नाही.
खाली सामुद्रधुनीवर पांढरा फेस, खिडकी खडखडतेय.
दुसरी चाचणी लिहिते:
वारा शून्य, बोट सुटलीच पाहिजे.
असा दिवस तिला आठवत नाही.
तरी लिहून ठेवते.

लाल.