पट्टा

फियाटला आमच्याकडे कुणी फियाट म्हणत नाही.
डुक्कर म्हणतात. लाडानं.
प्रतापनगरच्या शेडमध्ये ती नाक खाली घालून उभी,
आणि शेजारी लेकीनं घेऊन दिलेली पांढरी सेडान,
जिचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.

डुक्कर सुरू करायची म्हणजे आधी विचारपूस.
चोक किती ओढायचा ते हवा ठरवते:
डिसेंबरात पुरता, मेमध्ये नुसतं बोट लावल्यासारखा.
गिअर स्टिअरिंगच्या कानाशी; दुसरा टाकताना
मनगट जरा उचलावं लागतं,
जुन्या कुलपात किल्ली उचलतात तसं.
दार उलटं उघडतं,
आणि उतरणारा कुणीही असो,
लग्नाला आलेल्या व्याह्यासारखा दिसतो.

सेडानला काही विचारावं लागत नाही.
बाहेर सेहेचाळीस, आत बावीस,
हे ती आपणहून सांगते.
डाव्या चाकात हवा कमी, मागचं दार उघडं, तेही.
वर्धा रोडवर खड्डा येऊन गेला
हे मला शेजारच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावरून कळतं.

एका मेमध्ये डुक्कर अजनी चौकात बसली.
पंपात पेट्रोलची वाफ.
पाच मिनिटांत चौघं जमले:
एकानं रुमाल भिजवून दिला, दोघांनी सल्ला,
रसवाल्यानं बर्फाचा तुकडा, पैसे न घेता.
गणवीर मेस्त्री इंदोऱ्याहून आले, बोनेटात वाकले, म्हणाले,
"काई नाई झालं जी, गरमी होऊन राह्यली तिले.
तुमाले नाई होत का?"
सेडान एकदाच बंद पडली.
तेव्हा एक नंबर लावायचा असतो.
तिकडची मुलगी फार गोड बोलली
आणि मला तीनदा माझंच नाव विचारलं.

एवढ्यावरून कुणालाही वाटेल
मी कोणाच्या बाजूचा.
मलाही वाटायचं.

पण कुमुद डुकरात पुढे बसत नाही.
एकोणनव्वद साली, झिरो माइलपाशी,
एक सायकलवाला आडवा आला.
मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला,
थोडा उशिरा, त्याच्या सवयीनं.
डॅशबोर्ड लोखंडाचा.
मेयोत पाच टाके.
ती खूण आता भुवईत लपते,
घाम आला की तेवढी पांढरी दिसते,
आणि नागपुरात घाम आठ महिने.
"प्रेम तुमचं असेल," ती म्हणते,
"कपाळ माझं आहे."

मार्चमध्ये कळमेश्वरहून येत होतो, सेडानमधून.
कुमुद मागे झोपलेली,
पुढच्या सीटवर मृगाच्या संत्र्यांचं पोतं.
गाडी टुंग टुंग करायला लागली.
पुढे कुणीतरी बसलंय, पट्टा लावलेला नाही,
असं तिचं म्हणणं.
फेटरीपर्यंत ऐकून घेतलं.
मग कडेला थांबलो, पोत्याला पट्टा लावला,
पोटावरून, छातीवरून, नीट.
टुंग थांबलं.

कितीची असतील ती संत्री?
आणि गाडीला केवढी काळजी.

वळून पाहिलं. एसी चालू होता,
खूण दिसत नव्हती.
ती कुठे आहे ते मला माहीत आहे.

रविवारी मी डुक्कर काढतो. अंबाझरीपर्यंत, एकटाच.
पोरं हात हलवतात, मी हॉर्न देतो,
तो अजून बकरीसारखाच वाजतो.
शेजारच्या सीटवर
आता कुणाला बसवत नाही.
संत्र्यांनासुद्धा.