उतरवण्याचे पैसे

पुंजाराम गांगुर्डे आधी झाडाकडे बघत नाही.
आधी तारा बघतो, मग कापडणिसांची भिंत,
मग गल्लीत छोटा हत्ती वळेल का ते,
आणि सगळ्यात शेवटी मान वर करून
माझं बुचाचं झाड.

“चौदा हजार,” म्हणतो.

जेल रोडच्या या रो-हाउसात राहायला आलो
तेव्हा ते माझ्या गुडघ्याएवढं होतं,
प्रेसच्या क्वार्टर्समागून उपटून आणलेला फुटवा.
या घरात तेवढी एकच गोष्ट
बिनहप्त्याची आली.

चौदा कशाचे, विचारलं.
“मोकळ्या रानात असतं तर दोन हजारांत आडवं केलं असतं.
कापायला काय लागतंय मॅडम,
पडायचं म्हटलं तर ते आपलं आपण पडंल.
पैसे उतरवायचे.”

फांदीन् फांदी दोराला बांधायची,
तारेला लागू द्यायची नाही,
टाकीला, पत्र्याला, भिंतीला लागू द्यायची नाही.
वर चढणारा वेगळा, खाली दोर धरणारे दोघे वेगळे.
मशीनचं पेट्रोल. पाला न्यायच्या दोन खेपा.
बुंधा जमिनीसरसा, तो यात आला.
मुळं काढायची तर हिशेब निराळा,
“ती कुठवर गेलीत, वरून कसं कळणार?”

आणि लाकूड?
“बुचाला वखारीत कोण विचारतंय. ठिसूळ.
बाभूळ असती तर मीच तुम्हाला दिले असते.”

उद्यान विभागाचा माणूस दोनदा येऊन गेला होता.
पहिल्यांदा फोटो काढले,
दुसऱ्यांदा खोडावर लाल रंगानं नंबर टाकला.
परवानगीच्या कागदावर कारण: धोकादायक.
अनामत भरली. बदल्यात लावायची रोपं जगली
तर परत मिळेल म्हणाले.

नोटांच्या प्रेसमध्ये मी एकतीस वर्षं तपासणीला होते.
नंबर केसभर सरकला, शाईचा ठिपका पडला,
की नोट बाजूला.
दूध आलं असतं तिच्यात, शाळेची फी गेली असती.
नाही म्हणजे नाही.
घरी येताना कधी आठवलीसुद्धा नाही एकही.
तेव्हा त्या लाल नंबरानं
मला काही व्हायला नको होतं.

घासाघीस झाली. चहा झाला. अकरा.
परत घासाघीस. मागचा शेवगा छाटून देतो, वरून.
साडेनऊ.

“आणि हे नुसतं छाटलं तर?” एकदाच विचारलं.
“साडेतीन. पण दर दोन वर्षांनी.”
किती वेळा साडेतीन,
ते झाडाच्या वयावर नव्हतं.
कापडणीस भिंतीपलीकडून म्हणाले,
“वाऱ्यात काही झालं तर, मॅडम?”
त्यांच्या नातवाची सायकल तिथंच लावलेली असते.
खरं आहे ते.

वाळू नावाचा पोरगा चढला, अनवाणी,
कमरेला कोयता, खिशात मोबाइल वाजत.
शेंड्याच्या फांदीला कळ्या होत्या,
दिवाळीच्या आसपास उघडल्या असत्या.
ती त्यांनी इतकी सावकाश उतरवली
की खाली टेकेपर्यंत
एक कळी गळली नाही.
साडेनऊ हजारांतलं हे काम
मी डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी पाचशेच्या नोटा मोजून दिल्या.
बोटं आपोआप चालतात, बघावं लागत नाही.
पुंजारामनं अंगठ्याला जीभ लावली,
मोजल्या, परत मोजल्या.
“एक जास्त आहे, मॅडम.”

एकतीस वर्षांत.
नाही, एकदाही नाही.

नोट परत आली ती भुशानं माखलेली.
गॅसच्या पुस्तकात ठेवली आहे.
काल उजेडाकडे धरून पाहिली.
नंबर सरळ आहे, शाई ठीक,
तार जागच्या जागी.
दोष
काही नाही.