पाच मलोटी, नाहीतर दोन अंडी

दवाखाना फुकट आहे.
माझी नाव फुकट नाही.
पाच मलोटी, नाहीतर दोन अंडी,
नाहीतर "लोकर विकली की देते".
तेही चालतं. लिहून ठेवत नाही मी,
लक्षात राहतं.

तेवीस वर्षं सेंकूवर वल्ही मारतोय.
माणूस काठाशी येऊन उभं राहिलं
की कळतं, किती उशिरा आलंय.

मापालेसा आली तेव्हा
मेंढ्यांची कातरणी उरकली होती,
मका घरात येऊन पडला होता,
सासऱ्याचं सुतक फिटून काळं कापड उतरलं होतं.
छातीतली गाठ तेवढी थांबलेली.
थांबलेली म्हणजे, वाढत होती.

त्याआधी दुकानातली पुडी.
मग शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या, अर्ध्या अर्ध्या.
मग घाटावरची मुळ्या देणारी म्हातारी,
जी निदान हात हातात घेते
आणि विचारत नाही,
"इतके दिवस काय करत होतीस?"
मग मी.

मालेफेत्साने एकोणीस वर्षं
परदेशातल्या खाणीत सोनं उकरून आला.
आता नावेत पाय टाकायलाही दम खातो.
ब्लँकेटच्या आत आजारपणाची वही,
वही प्लास्टिकच्या पिशवीत,
ती पिशवी पिठाच्या पिशवीत.
दुपारी खाली उतरला, तशीच वही घेऊन.
"फोटोचं यंत्र बंद आहे. गुरुवारी या म्हणाले."
"कुठल्या गुरुवारी?"
तो हसला, हसता हसता खोकला,
नाव हलली.
परतीचे पैसे मी सगळ्यांकडून घेतो.
त्या दिवशी विसरलो, असं दाखवलं.

जानेवारीत नदी फुगते, नाव उलटी घालून ठेवतो.
तेवढे दिवस गावात कोणी आजारी नसतं.
असतात. सांगत नाहीत.

नवीन नर्स मागच्या महिन्यात माझ्याच नावेतून आली.
औषधांची खोकी मांडीवर घेऊन बसलेली.
मध्यावर म्हणाली, "न्ताते लेत्लात्सा, तुमची वही कुठे?"
मी म्हटलं, मी नावाडी.
जसं काही नावाड्याला मूत्राशय नसतं.
थंडी सुरू झाल्यापासून लघवी तांबडी होते.
बायकोला सांगितलं, बीट खाल्लं.
बीट आमच्याकडे कोण पिकवतं?

काठापासून दवाखान्याच्या पत्र्यापर्यंत
दोनशे चाळीस पावलं चढण.
इथूनच मोजलीयत, लोक चढताना.

आज सकाळी पल्याडचा शेवटचा माणूस उतरला,
नाव खुंटाला बांधली
आणि निघालो.
सतरा झाली.
अठराव्याला अल्याडहून हाक:
एक पोरगी, पाठीवर ब्लँकेटात बांधलेली आजी,
आजीचे पाय लोंबतायत, एका पायात बूट.

वर पाहिलं. दारात नर्स उभी होती,
तिनं हात केला, मला की पोरीला, कळलं नाही.

खाली आलो.
दोर सुटता सुटेना.
गाठ मीच मारली होती,
रोजच्यापेक्षा घट्ट.