दुसरा ब्रेक

शलाका म्हणाली, काका, आधी नाव द्या,
आठ अक्षरांच्या आत.
मी एकेक बटण शोधत लिहिलं: कुंदा.
ही कोण?
शिकायला यायची.
पास झाली?
तू पुढचं दाखव.

एकतीस वर्षं मी वर्तकनगरात गाडी शिकवतो.
टपावर पिवळी पाटी, पुढेमागे लाल एल,
आणि माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक,
जो शिकणारा चौथ्या दिवशी विसरतो.
विसरावाच लागतो,
नाहीतर त्याला कधी वाटायचंच नाही
की उपवनचं वळण आपण घेतलं.

म्हणून पडद्यावरचं गाव बघताक्षणी कळलं.
पाच घरं, एक विहीर, कुंपणाला एकच फाटक.
मीही पहिल्या दिवशी कुणाला पोखरण रोडवर काढत नाही.
तलावाच्या कडेला, सकाळी सहाला,
फिरायला आलेले पेन्शनर आणि दोन कुत्री,
कुत्रीसुद्धा सरावलेली.

विहिरीपाशी एक म्हातारी.
तिच्याजवळ एवढंच: फाटक उघडायला गोल बटण दाब, बाळा.
पुन्हा विचारलं. तेच.
दहाव्यांदा विचारलं, मुद्दाम.
तेच, त्याच आवाजात, बाळासकट.
दहाव्यांदा क्लच सांगताना
माझा आवाज कुठे गेलेला असतो
ते नौपाड्यापर्यंत ऐकू जातं.

फाटकाबाहेर हिरवा, लिबलिबीत गोळा.
लागेल इतकं मारतो, मरू इतकं नाही.
हा सगळ्यांना पहिला भेटतो, शलाका म्हणाली,
याचं कामच हरायचं.
कुंदाच्या डोक्यावर चांदणी फुटली:
ताकद दोनाने वाढली.
दोनाने!
मी खुर्चीत जरा ताठ बसलो, खोटं कशाला बोलू.

मग लांडगा.
त्याने उडी घेतली आणि हवेतच थांबला.
खाली यादी: वार, ढाल, औषध, पळ.
किती वेळात ठरवायचं?
कितीही. चहा घेऊन या हवं तर.

येऊरच्या चढावर मागे टेम्पो होता.
हॉर्नवर हात ठेवून बसलेला,
आणि गाडी वीत वीत मागे घसरत होती,
आणि मी ओरडलो.
काय ओरडलो ते इथे लिहीत नाही.
कुंदाबाई टेंबे, वय एकावन्न,
त्यांनी हँडब्रेक ओढला, अगदी शिकवला तसा,
दार हळू लावलं
आणि उतारावरून चालत गेल्या.
बारा धड्यांचे पैसे भरले होते. सात झाले होते.

मी चुकीचं निवडलं. कुंदा पडली.
आता कोण काय बोलतं याची वाट बघितली.
पडदा काळा झाला, मग एक खिडकी, खाट,
थैलीतली निम्मी नाणी गेलेली,
आणि खाणावळवाली म्हणते,
उठलीस? बाहेर ऊन छान पडलंय.

साडेअकराला शलाका झोपायला गेली.
मी पूल ओलांडला, एका दरोडेखोराला लोळवलं,
मग ध्यानात आलं,
कोपऱ्यातला वाट दाखवणारा बाण दिसत नाहीये.
केव्हापासून?
मागे गेलो, पुलापर्यंत, फाटकापर्यंत.
ती जागा सापडली नाही.
लेकाच्यांनी पाय उचलला होता
आणि कळू दिलं नव्हतं.
शाब्बास, मी मोठ्याने म्हटलं,
आपल्या धंद्यातल्या माणसाला म्हणतात तसं.

कपाटात अकरा सालचं रजिस्टर आहे.
नंबर घरातल्या फोनचा, पंचवीसने सुरू होणारा.
अशा फोनांवर आता कोण असतं?

कुंदा पुलापलीकडे उभी आहे.
मी काही दाबलेलं नाही.
तरी तिचा झगा वाऱ्यावर हलतो,
मधूनच ती पाय बदलते,
मान वळवून चढाकडे बघते.
पाच धडे बाकी.
मागे कुणी नाही.