फाटकावरची बादली

पामेकासानच्या मैदानाला एकच फाटक.
तिथं मी, निळी बादली आणि कचेरीचा कागद:
काठीला आर नको. शेपटाच्या बुडाशी मिरची नको.
डोळ्यांत मलम नको.
खाली शिक्का, शिक्क्याखाली माझी सही,
कारण साहेबांना आज ताप आहे.

माणसं हसत हसत खिसे उलटे करतात.
खिळा पडतो, टण्ण. मग दुसरा.
म्हातारा मिसनावी डोक्याच्या फडक्यातून तीन काढून देतो,
जणू लग्नातला अहेर.
"लिहून घे," म्हणतो, "आणि बैलाला वाचता येत नाही,
तेवढं त्याला समजावून सांग."

आत सारोनेनवाले गाल फुगवून तयार.
बैलांवर सोनेरी झुली, छत्र्या,
पोटात रात्रीची चाळीस अंडी, मध, आलं.
मालकाच्या पोरांनी सकाळी कोरा भात खाल्ला.

एप्पा सगळ्यांच्या शेवटी आले.
यंदा त्यांची जोडी नाही, नुसतं बघायला.
तरी रांगेत थांबले, हात वर केले.
मी बापाच्या बाह्या चाचपल्या. लोक बघत होते.
"पूर्वी हा नांगराचा खेळ होता," ते हळूच म्हणाले,
"चिखल वाळायच्या आत कुणाचं रान उरकतं, एवढंच.
तेव्हा आर..."
पुढचं सारोनेनमध्ये बुडालं.

संध्याकाळी वजन केलं: दोन किलो तीनशे.
मदरशाच्या छपराला हवेत म्हणून
मातलावी लोहाराची बायको निम्मे मागून घेऊन गेली.
कागदात त्याला रकाना नाही.

घरी आंगेन उभा होता चिंचेखाली,
थकलेला, कुणी न जुंपलेला.
अकरा वर्षांचा होतो मी. दोन बैलांमधल्या लाकडावर,
एका हातात त्याचं शेपूट, दुसऱ्यात आर,
शंभर मीटर,
आणि अख्खं गाव माझं नाव घेत होतं.
तसं माझं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.

पाठ खाजवायला हात उचलला
तर माशी बसावी तशी त्याची कातडी थरथरली,
हात टेकायच्या आधीच.
मी दोन्ही तळवे उघडून दाखवले,
फाटकावर दाखवतात तसे.
त्यानं पाहिलं,
पुन्हा वैरणीत तोंड घातलं.
मागचा पाय मात्र आखडलेलाच.