पडतं घेण्याचा वर्ग

मंगळवारी दहा वाजता, हार्लिंगनच्या व्यायामशाळेत
आम्ही अकरा म्हातारे पडायला शिकतो.
निळ्या गाद्या. भिंतीला शाळेच्या पोरांचं बास्केटबॉलचं जाळं.
शिकवणारा योरित माझ्या नातवाहून लहान,
पायांत दोन रंगांचे मोजे.
म्हणतो, हात पुढे टेकू नका, मनगट जातं.
हनुवटी छातीशी. पाठ गोल. कुशीवर घरंगळा.
जमिनीशी भांडू नका, वीत्स्केबाई,
पडतं घ्या.

पडतं? मी?
हार्मन असता तर खोकला येईपर्यंत हसला असता.
बेचाळीस वर्षांत एकदाच घेतलं, होडी विकताना,
आणि तेही त्याला पुढे जन्मभर ऐकवलं.

डॉक्टरीण म्हणाली, कानाच्या आत चुन्याचे कण असतात,
तुमचे जागचे सुटलेत.
म्हणजे माझा तोल इतकी वर्षं कानात होता,
जिथं मी कुणाचं काही शिरू दिलं नाही.

फेब्रुवारीत वरच्या फळीवरची वाटाण्याची बरणी काढायला
मान वर केली, आणि स्वयंपाकघर
माझ्याभोवती फिरून निघून गेलं.
बरणी शाबूत. खुबा नाही.
दोन तास फरशीवर. शेजारीण येईपर्यंत
टेबलाची खालची बाजू पाहत होते:
पेन्सिलीनं लिहिलेलं माप, चौऱ्याहत्तर,
सातावर त्याची ती आडवी रेघ.
त्याच टेबलावर इतकं जेवलो, इतकं भांडलो,
खाली कधी वाकून पाहिलं नव्हतं.

आता मुलीनं गालिचे गुंडाळून नेलेत.
सायकलीतली हवा आपोआप उतरली.
रात्री उठताना पलंगाच्या कडेला दहा मोजते,
कधी सातावर अडते, पुन्हा एकपासून.
पडत नाही त्या दिवशीही
दिवसभर पडतच असते.

डाउवे, शहाऐंशीचा, एकेकाळी कालव्याची दारं उघडायचा,
गुडघ्यांतून सैल होतो, पोत्यासारखा ओघळतो गादीवर
आणि हलतच नाही.
आम्ही सगळे गप्प.
मग तो म्हणतो, छताला रंग हवाय.

माझी पाळी.
योरित हात पुढे करतो, धरत मात्र नाही.
दहा जण बघतायत.
डावी कूस की उजवी, मी विचारते.
तुम्हाला हवी ती, तो म्हणतो.
हे काय उत्तर झालं?
मी अजून उभी आहे.