उधाणाचा पत्ता

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून
मी बटणं आणतो, एकशेवीस, चार रंगांची.
दुकानवाली विचारते, एवढे कुणाचे शर्ट शिवता?
शेतकऱ्यांचे, मी म्हणतो.
खोटं नाही तसं.
माझ्या पटावर एक बटण म्हणजे एक कूळ,
कडेने टाचलेला निळा दोरा म्हणजे मांडवी,
आणि मध्ये सगळं खाजन.

बँकेच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात
मी 'खेळ रचणे' लिहिलं होतं.
कारकुनाने खोडून 'खेळाडू' केलं,
माझ्या पोटाकडे बघत.

चोडणच्या फेरीबोटीत वही गुडघ्यावर धरून
नियम लिहितो. अकरावा खोडतो.
'भरतीचा पत्ता आल्यास मानस लावावी.'
लावावी, की लावता येते?
एवढ्या एका क्रियापदात
मागचा अख्खा पावसाळा गेला.

मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
भरतीने ढकललं की मिटतं,
ओहोटीने ओढलं की उघडतं.
मनालाही हाच शब्द का,
ते नियमावलीत बसत नाही.

शनिवारी एस्पेरांसाच्या सोप्यावर डाव मांडतो.
सगुण, निवृत्त कंडक्टर, सुटे पैसे मोजावेत तसा
शेजाऱ्याचं भात मोजतो.
लवू मास्तर हरले की नियमाचं व्याकरण काढतात.
आणि कायतान, ज्याने तीस वर्षं
खरीखुरी मानस राखली,
तो माझ्या पुठ्ठ्याच्या दाराला
बोटाने हळूच टेकवून बघतो, नीट बसलं का.

मी खेळत नाही. मी खुणा करतो:
कोण कधी जांभई देतो,
कोण पत्ता धरून ठेवतो,
कितव्या फेरीला कुणाचा हात फोनकडे जातो.
बेंगळुरूच्या कंपनीने कळवलं होतं,
अर्ध्या तासात संपवा,
आणि भाताऐवजी ड्रॅगन चालतील का.

नऊ शनिवार.
एकदाही कुणाचं शेत खारं झालं नाही.
सगळे थोडे जिंकले, थोडे हरले, चहा प्याले.
समतोल साधला म्हणून मी
आकड्यांखाली दोन रेघा ओढल्या, तारीख घातली.

छापायला देण्याआधी पत्ते मोजले.
एकाहत्तर.
सोप्याखाली पाहिलं, मांजराखाली पाहिलं,
पुन्हा मोजले. एकाहत्तर.
अमावास्येच्या उधाणाचा
कुठे पत्ताच नाही.

कायतानने शर्टाच्या खिशातून काढून दिला,
चष्म्याच्या मागून, घामाने मऊ झालेला,
कोपरे कापडासारखे.
"कोणाचेंच शेत बुडलें ना मरे," म्हणाला,
हिशेब चुकता केल्यासारखा.

मी चिडलो. नऊ आठवड्यांचे आकडे पाण्यात.
त्याला समजावलं: धोका नसेल तर तो खेळ कसला,
बहात्तरात एक, एवढंच तर प्रमाण आहे.
त्याने ऐकून घेतलं,
बांध फुटल्यावर आलेल्या इंजिनियरचं ऐकतात तसं.

तो गेल्यावर एस्पेरांसा म्हणाली,
एका वर्षी मानशीत ओंडका अडकला होता.
पुढे काही बोलली नाही. बांगडे परतत राहिली.

रात्री दिव्याशी बसून मी सतरावा नियम लिहिला.
'संपूर्ण खेळात एकदा, कोणत्याही खेळाडूला
कोणताही एक पत्ता खिशात घालता येईल.
विचारल्यास नाही म्हणावे.'

छापखान्यातल्या पोराने बोट ठेवून विचारलं,
ही चूक आहे का?
राहू दे, म्हटलं.
सगुणला तो नियम अजिबात पसंत नाही,
आता तो दर डावाला सगळ्यांचे खिसे बघतो,
आणि डाव दीड तास चालतो.

अकरावा अजून खोडलेलाच आहे.